हसू नका, मैदानावर बोलवा



तुमच्या वर्गात अंगाने जाड असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. त्याला तुम्ही काय म्हणून हाक मारता? खरे सांगा. आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचे खरे नाव हजेरी घेताना तेवढे ऐकू येई. एरवी तो ‘ढोल्या’च. खो-खोमध्ये तो धावू लागला की आम्ही पोट धरून हसत असू. काही दिवसांनी तो खेळाच्या तासाला वर्गातच बसू लागला. सगळ्यांची दप्तरे सांभाळायचे काम त्याने आपणहून मागून घेतले. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते. आमच्या हसण्याने तो बारीक तर झाला नाहीच, पण त्याचे मैदान मात्र कायमचे सुटले.

आपले हसणे वाईट होते, हे तर झालेच. पण ते अडाणीपणाचेही होते, असे माझे मत आहे. का, ते पाहू.

आपण जे खातो त्यातून शरीराला ऊर्जा मिळते. खर्च होऊन उरलेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपाने साठवते. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर १ ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी मावतात. थोड्या जागेत जास्त साठा! दुष्काळात, आजारपणात हीच शिल्लक उपयोगी पडते. म्हणजे चरबी काही आपली शत्रू नव्हे. पण हा साठा वाजवीपेक्षा वाढला, विशेषतः पोटाच्या आत यकृताभोवती आणि आतड्यांभोवती जमू लागला, की इन्शुलिनचे काम नीट चालेनासे होते. त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. यकृतातही चरबी साठते. गुडघ्यांवर भार पडतो तो वेगळाच.

‘मग खायचे कमी! जाड मुले हावरट असतात, दुसरे काय?’ असे तुम्ही म्हणाल. आता एक हकीकत ऐका. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांचा अभ्यास करताना एक जनुक शोधून काढले. त्याच्यामुळे चरबीच्या पेशींत एक संप्रेरक तयार होते. ‘साठा पुरेसा आहे, आता पुरे’ असा निरोप ते मेंदूला पोहोचवते. त्याचे नाव लेप्टिन. पुढे १९९७ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना दोन चुलत भावंडे आढळली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो! त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. त्यांची भूक कधी भागतच नव्हती. त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देऊ लागल्यावर तिची भूक ताळ्यावर आली आणि वर्षभरात वजन १५ किलोंहून जास्त उतरले. हा दोष अत्यंत दुर्मिळ आहे. तुमच्या वर्गातल्या मुलाला तो असेल असे नाही. पण भूक ही केवळ मनाच्या निग्रहाची गोष्ट नाही, एवढे तरी यावरून पटावे. आनुवंशिकता, झोप, घरातल्या सवयी, जवळपास मैदान आहे की नाही, अशा कितीतरी गोष्टी वजन ठरवतात. त्या मुलाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे शास्त्राला धरून नाही.

आणि हसणारे आपण बारीक, म्हणून आपण सुरक्षित, असे तरी आहे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो दोघांचाही अगदी सारखा होता, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. तिथली नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांहून सुमारे पाऊण किलोने हलकी होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला काटकुळे आणि आतून मेदयुक्त, असा आपल्याकडच्या अनेकांचा बांधा असतो. म्हणूनच मोठ्या माणसांसाठी वजनाची धोक्याची रेषा भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा खाली धरतात. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे कौतुक जसे फसवे, तसेच ‘त्याला काय धाड भरली आहे, तो तर काडी आहे’ हेही फसवेच.

घरी एक सोपा प्रयोग करा. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा आणि तिची बरोबर मधोमध दुहेरी घडी घाला. श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळत नसतील तर आईवडिलांना सांगा, डॉक्टरांना विचारा. उपाशी मात्र राहू नका, तुमचे वाढीचे वय आहे. आणि हा प्रयोग वर्गात दुसऱ्याच्या पोटावर करायचा नाही, हेही लक्षात असू द्या!

तर मग खाणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? आहे ना. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात कुणी एवढी साखर घातली तर तुम्ही तोंड वाकडे कराल. मधल्या सुट्टीत वेफर्सच्या पुडीऐवजी डब्यातली पोळीभाजी, मूठभर दाणे किंवा एखादा पेरू खाणे तुमच्या हाती आहे. वेळेवर झोपणे तुमच्या हाती आहे.

पण शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास? तो एकट्याच्या हाती नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड पडते ती खेळाच्या तासावर! गणित महत्त्वाचे आहेच. पण त्यासाठी खेळाचा तास घेणे म्हणजे एक खिसा भरायला दुसरा फाडणे होय.

म्हणून माझी सूचना अशी. सर्वांनी मिळून मुख्याध्यापकांना नम्रपणे अर्ज लिहा, की खेळाचा तास खेळालाच राहू द्या. आणि तो तास मिळाला की वर्गात दप्तरे सांभाळत कोणी बसले आहे का, ते पाहा. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि आपल्या संघात घ्या. आम्ही हे केले नाही. तुम्ही करा.