'श्री'पुढे जोडलेली 'मती'

मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत असताना आमच्या हातांखालून जे असंख्य छापील नमुने गेले, त्यांतल्या बहुतेकांवर अर्जदाराच्या नावाआधी 'श्री' एवढेच छापलेले असे. अर्जदार बाई असली की लिपिक 'श्री'पुढे 'मती' जोडी, खालच्या घोषणेतील 'करता/करती हूँ' यांपैकी 'करता' खोडी आणि कागद पुढे सरकवी. कार्यालयाचे काम तेवढ्याने भागते. साहित्याचे भागत नाही. आपल्या मंडळाच्या कथास्पर्धेला गेली काही वर्षे येणाऱ्या कथा वाचल्यावर हे सौम्य शब्दांत सांगण्याची आमची इच्छा उरलेली नाही.

या कथांतील स्त्री पहाटे उठते, तुळशीला पाणी घालते, पदराच्या टोकाने डोळे टिपते आणि शेवटच्या परिच्छेदात एक तर सर्वांना क्षमा करते किंवा बॅग उचलून घराबाहेर पडते. ती नोकरी करते असे आपल्याला सांगितलेले असते. परंतु ती किती वाजता निघते, कोणत्या बसने जाते, पगार कोणाच्या खात्यात जमा होतो, मधल्या वेळात मूल कोणाकडे असते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कथेत सापडत नाही. तिच्या मनातील विचार मात्र पानेच्या पाने असतात, आणि ते हुबेहूब लेखकाचे असतात. लिपिकाने 'मती' जोडली, लेखकाने ती वापरली नाही, एवढाच काय तो फरक.

हेच लेखक व्याख्यानांत नव्या पिढीच्या संगणकीय खेळांवर तुटून पडतात. त्या खेळांत बाई म्हणजे बाहुली, असे त्यांचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. १९९६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या 'टूम्ब रेडर'मधील लारा क्रॉफ्ट ही पुराणवस्तूंच्या शोधात फिरणारी धाडसी स्त्री जगप्रसिद्ध झाली, आणि थोड्याच अवधीत खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी तिला विवस्त्र करणारी फाईल बनवून वाटली. अशा फेरफाराला 'मॉड' म्हणतात. निर्मात्याने विकलेल्या खेळाच्या फायली उघडून खेळणारा त्यांत आपल्या मनाजोगा बदल करतो. चेहरा बदलतो, पोशाख बदलतो, संवाद लिहितो, कधी मूळ खेळात नसलेले पात्र नव्याने उभे करतो. आता याच साधनाने दुसऱ्या कोणी काय केले तेही पाहावे. 'डाँकी काँग' या १९८१ पासूनच्या खेळात मारिओ नावाचा गडी पॉलीनची सुटका करतो. अमेरिकेतील एका खेळ-निर्मात्याच्या चिमुरड्या मुलीने विचारले, मी पॉलीन होऊन मारिओला का सोडवू शकत नाही? बापाने २०१३ साली रात्र जागून खेळाच्या घरगुती आवृत्तीची फाईल उलटीपालटी केली आणि मुलीला हवे तसे करून दिले. साधन तेच. हात कोणाचा, त्यावर सारे अवलंबून.

मात्र या बापालाही चित्रांची अदलाबदल तेवढी करावी लागली; पॉलीनला बोलायचे नव्हते. बोलणारे पात्र आले की खरी परीक्षा लागते. कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या 'मास इफेक्ट' (२००७) या खेळात शेपर्ड नावाचा सेनाधिकारी पुरुष घ्यावा की स्त्री, हे खेळणारा ठरवतो. संवाद जवळजवळ सगळे एकच. पुरुषाला मार्क मीर यांचा आवाज, स्त्रीला जेनिफर हेल यांचा. हेल यांची शेपर्ड अनेकांना पुरुष शेपर्डपेक्षा अधिक भावली. याचे कारण उघड आहे. जहाज बुडत असताना हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्याला स्त्री म्हणून निराळे वाक्य लागत नाही. तिचे काम ठाऊक असले की तिची भाषा आपोआप येते. पण त्याच मालिकेत हालचालीही पुरुषासाठी केलेल्याच तिच्या अंगावर चढवलेल्या होत्या. परिणामी २०१० च्या दुसऱ्या भागात तोकडा झगा घातलेली शेपर्ड गुडघे फाकून बसते आणि खेळणारे हसतात. वाक्ये तीच ठेवली ते शोभले, बसणे तेच ठेवले ते फसले. कोठे फरक करायचा नाही आणि कोठे केल्यावाचून गत्यंतर नाही, हे ओळखणे हीच या कामातील सारी विद्या आहे.

(जाता जाता : इंग्रजीत हे एक वाक्य दोघांना चालले. मराठीत आणायचे म्हटले तर 'मी आलो' आणि 'मी आले' अशा दोन संहिता लागतील.)

फरक टाळणाऱ्यांचे समर्थनही ऐकण्याजोगे असते. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या खेळात स्त्री-पात्र घेऊन खेळण्याची सोय का नाही, असे २०१४ साली विचारले गेले तेव्हा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडून उत्तर आले की हालचाली आणि पोशाख दुप्पट करावे लागतील, काम फार वाढेल. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने जाहीरपणे सांगितले की हे काम एकदोन दिवसांचे आहे. खेळ होता फ्रेंच राज्यक्रांतीतील पॅरिसचा. ज्या क्रांतीत मारासारख्या पुढाऱ्याला १७९३ साली भोसकणारी शार्लोट कोर्दे ही बाईच होती! 'काम वाढेल' या सबबीवर आम्ही नोकरीत किती नस्ती परत आलेल्या पाहिल्या, त्याची गणती नाही. आमच्या कथालेखकांची सबब अधिक काव्यमय असते. ते म्हणतात, 'स्त्रीचे मन गूढ आहे.' आम्हांला विचाराल तर गूढ काही नाही, चौकशी करण्याचा कंटाळा आहे.

दुसऱ्या टोकाला काही मंडळी म्हणतात की पुरुषाने स्त्री लिहूच नये. तेही आम्हांला मान्य नाही. तसे असते तर मराठी कादंबरीला आपला पायाच उखडावा लागला असता. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली ती यमुनेच्या तोंडून, प्रथमपुरुषी, स्त्रीचे आत्मवृत्त म्हणून. लेखक तेव्हा पंचविशीच्या आसपासचा पुरुष. यमुना विश्वसनीय होते ती तिच्या हृदयाचे गुपित आपट्यांना उमगले म्हणून नव्हे. घरात कोण कोणाशी कोणत्या स्वरात बोलतो, बाईच्या हाती पुस्तक दिसले तर कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात, नवरा गेल्यावर तिच्या केसांवर हक्क कोणाचा, हे सगळे त्यांनी पाहिले होते आणि पाहिलेले गाळले नाही. यमुनेचे मन आपल्या मनासारखेच आहे. निराळे आहे ते तिच्याशी वागणारे जग.

बालगंधर्वांचा दाखला आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी लगेच देतील. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील त्यांची सिंधू पाहून प्रेक्षक रडत आणि त्यांच्या शालूंचे अनुकरण घराघरांत होई, हे खरे. परंतु बालगंधर्वांनी शालू नेसल्यामुळे सिंधू उभी राहिली असे समजणारा फसतो. शालूच्या आत चालण्याची, थांबण्याची, मान वळवण्याची बारीक पारख होती. आमचे लेखक शालू तेवढा उचलतात.

भाषेच्या बाबतीत तर आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांनी अधिक सावध असायला हवे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. इंदूरच्या लेखकाने बेळगावची आत्या रंगवली आणि तिच्या तोंडी शुद्ध 'मी जाते' घातले, तर व्याकरण जिंकते आणि आत्या मरते. स्त्रीलिंगी प्रत्ययात स्त्री सापडत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कसे सांगावे?

आमची नात 'स्कायरिम' (२०११) या खेळासाठी एक पात्र घडवीत होती : घोडे विकणारी विधवा. चेहरा एका संध्याकाळी झाला. पुढे आठवडाभर ती अडून बसली. विचारले तेव्हा म्हणाली, "आबा, गिऱ्हाईक हिच्याशी भाव करेल, की आधी 'घरात पुरुषमाणूस कोण आहे' म्हणून विचारेल? ते ठरल्याशिवाय हिला बोलायला काय देऊ?" अखेर तिने त्या विधवेला चार वाक्ये दिली आणि गिऱ्हाइकांना अकरा. एका गिऱ्हाइकाच्या तोंडी फक्त 'घोडा तुम्ही दाखवणार?' एवढेच आहे. आमच्या स्पर्धेतील कोणत्याही कथेत बाईचे स्थान इतक्या थोड्या शब्दांत आम्ही वाचलेले नाही. आणि ही मुलगी मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाही, बोलावले तर म्हणते, "तिथल्या गोष्टींतल्या बायका मला कुठे भेटतच नाहीत." आपल्या घराघरांतील सुना-नाती सभागृहात का दिसत नाहीत, यावर आपण तीन वार्षिक सभांत चर्चा केली. उत्तर आपल्याच वार्तापत्रात छापलेले आहे.

स्त्रियांनी लिहिलेल्या कथांतील पुरुषही, अपवाद सोडता, एक तर जुलमी असतो किंवा मुका. त्याला कचेरी असते पण तेथे काम नसते. हाच नियम तेथेही लावावा, अधिक बोलण्याचे कारण नाही.

सबब पुढील बैठकीत आम्ही सूचना मांडणार आहोत की स्पर्धेसाठी येणाऱ्या प्रत्येक कथेसोबत लेखकाने एक स्वतंत्र पान जोडावे. मुख्य पात्र आपल्या लिंगाचे नसेल तर त्या पात्राचा उठल्यापासून निजेपर्यंतचा एक दिवस त्या पानावर लिहावा : हातात पैसे किती, ते कोणाला विचारून खर्च करता येतात, घरात एकटे बसायला जागा कोठे आहे, रात्री आठनंतर बाहेर पडायचे झाल्यास काय सांगून पडावे लागते. पान परीक्षकांनी आधी वाचावे, कथा मागाहून. सूचनेला विरोध होईल हे आम्ही जाणून आहोत. विरोध करणाऱ्यांनी बैठकीला येताना असे एक पान स्वतःच्या पत्नीविषयी लिहून आणावे, आणि आणण्यापूर्वी ते तिला दाखवावे.