लाइट : एक शब्द, दोन घराणी



आपल्या घरात दिवसातून सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा इंग्रजी शब्द कोणता? बहुधा 'लाइट'. लाइट लाव, लाइट बंद कर, लाइट गेली, लाइट आली, लाइट बिल भरले का? अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हा शब्द इतक्या सहजपणे वापरते, की तो परका आहे हे तिच्या ध्यानीमनीही नसते. इंग्रज गेले, शब्द राहिला. मराठीत आल्यावर त्याने अर्थही बदलला. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज. म्हणून तर भर दुपारी लख्ख उन्हातही आपली 'लाइट गेली' असते.

आज या शब्दाचे कूळ पाहू. माणसाचे कूळ विचारण्याची या देशाला वाईट खोड आहे आणि तिचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. शब्दाचे कूळ विचारल्याने मात्र कोणाचा अपमान होत नाही, झालाच तर थोडा शहाणपणाचा लाभ होतो.

स्पेलिंग पाठ करताना मुले रडकुंडीला येतात. मधले जी आणि एच उच्चारायचेच नाहीत तर लिहायचे कशाला? याचे उत्तर असे की, एके काळी ते उच्चारले जात होते. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'लेओख्त' असा होता. घशातून निघणारा तो 'ख'सारखा ध्वनी पुढे बोलण्यातून गळाला, पण लिहिण्यात राहून गेला. जर्मन भाषेत उजेडाला आजही 'लिख्त' म्हणतात. नाइट म्हणजे रात्र, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी, या शब्दांतही हेच मुके जी-एच बसलेले आहेत. मुलांना एवढे सांगितले तर त्यांचा स्पेलिंगवरचा राग निम्मा कमी होईल.

आता खरी गंमत. इंग्रजीत 'लाइट' हा एक शब्द नाही, दोन आहेत. एक लाइट म्हणजे उजेड. दुसरा लाइट म्हणजे वजनाला हलका. स्पेलिंग एक, उच्चार एक, परंतु घराणी वेगळी.

उजेडाच्या लाइटचे नातेवाईक पाहा. लॅटिनमधील 'लुक्स' म्हणजे उजेड आणि 'लुना' म्हणजे चंद्र. उजेड मोजण्याचे एकक 'लक्स' आणि एलईडी बल्बच्या खोक्यावर छापलेले 'ल्युमेन' याच घरातले. ग्रीक भाषेत 'ल्युकोस' म्हणजे पांढरा, त्यावरून रक्ताच्या कर्करोगाला ल्युकेमिया हे नाव पडले. आपल्याकडे संस्कृत-पालीतील 'रुचि' हा याच घराण्यातला शब्द. मूळ अर्थ चमकणे, मग डोळ्यांत भरणे, मग आवडणे. अवलोकन आणि आलोक हे शब्दही याच कुळातले मानले जातात. पालीत आलोक म्हणजे प्रकाश.

हलक्या लाइटचे गोत निराळे. त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे संस्कृत 'लघु' आणि पाली 'लहु'. फुप्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात तेही याच मुळावरून, कारण तो शरीरातला हलका अवयव. रेल्वेच्या सूचनांत गाडीतून उतरण्याला 'अलाइट' म्हणतात, त्याचा उगमही इथेच. घोड्यावरून उतरून त्याची पाठ हलकी करायची, म्हणून अलाइट. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' मात्र दोन्ही घरांतला नाही. तो फ्रेंचमधून आला आणि सोळाव्या शतकात शेजाऱ्याचे स्पेलिंग उसने घेऊन बसला.

इथे कोणी म्हणेल, "बघा, इंग्रजीसुद्धा संस्कृतातूनच निघाली!" हा समज चुकीचा आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे साम्य दाखवले, तेव्हाच त्यांनी सुचवले होते की, या भाषांचे मूळ एक असावे आणि ते मूळ कदाचित आज अस्तित्वात नसावे. पुढच्या अभ्यासकांनी तेच सिद्ध केले. या भाषा आई आणि लेकी नाहीत, चुलत बहिणी आहेत. कोणतीही भाषा देवाच्या मुखातून निघालेली नाही. सगळ्या माणसांच्या तोंडात घडल्या, झिजल्या, बदलल्या.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या शब्दाकडे येऊ. लघुक या शब्दातल्या 'घ'चा बोलण्यात 'ह' झाला, मग 'ल' आणि 'ह' यांनी जागा बदलल्या आणि 'हलुअ' असे रूप झाले. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ही अदलाबदल नोंदवून ठेवली आहे. त्यातूनच मराठीचे हळू आणि हलका हे शब्द आले. म्हणजे इंग्रजी लाइट आणि मराठी हलका हे दूरचे आप्त ठरतात.

पण या निरुपद्रवी शब्दाचे आपल्या समाजाने काय केले? हलकी जात, हलकी वस्ती, हलकी कामे. त्यावरूनच पुढे हलकट ही शिवी. वजन सांगणारा शब्द माणसाची पायरी सांगू लागला. ज्या हातांनी गावाची घाण उपसली, मेलेली ढोरे ओढली, लाकडे फोडली, त्या हातांच्या कामाला हलके म्हटले गेले. बसल्या जागी मंत्र म्हणण्याचे काम मात्र भारी! तराजूत टाकून पाहावे, कोणते काम जड होते ते. शब्दाचा यात दोष नाही. तराजू ज्याच्या हाती होता, त्याचा दोष आहे.

याच्या उलट धम्माची भाषा पाहा. पाली वाङ्मयात हलकेपणा हा गुण आहे. सुत्तांमध्ये एखाद्याची खुशाली विचारताना 'लहुट्ठान' आहे ना, असे विचारतात, म्हणजे उठणे-बसणे हलके, सहज होते आहे ना? तापातून उठलेल्या नातवाला आजी विचारते, "आता हलकं वाटतंय का रे?" तो हाच प्रश्न. आपण विहारात जे करणीय मेत्त सुत्त म्हणतो, त्यात शांतिपद साधू पाहणाऱ्याच्या गुणांत 'सल्लहुकवुत्ति' हा शब्द आहे. त्याचा अर्थ हलकी, आटोपशीर राहणी असणारा. अभिधम्मात तर चित्तलहुता, म्हणजे चित्ताचा हलकेपणा, चांगल्या चित्तधर्मांत गणली आहे. जो शब्द आपल्यावर दगडासारखा फेकला गेला, तो आपल्याच धम्मात अलंकार आहे. पुढच्या वेळी सुत्तपठण करताना त्या शब्दापाशी क्षणभर थांबावे.

उजेडाच्या लाइटवरून आणखी एक मोठा शब्द झाला आहे, 'एन्लायटन्मेंट'. अठराव्या शतकातील युरोपच्या वैचारिक जागृतीला हे नाव आहे. ती जागृती म्हणजे काय, हे सांगताना १७८४ साली जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने लिहिले, त्याचा आशय असा की, दुसऱ्याच्या बुद्धीने चालण्याची सवय सोडून स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य करणे. पुढे एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य भाषांतरकारांनी तथागतांच्या बोधीसाठीही हाच शब्द रूढ केला. पण बोधी या शब्दात मुळात उजेड नाही. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. उजेड बाहेरून कोणी पाडू शकतो, जागे मात्र ज्याचे त्यालाच व्हावे लागते. मूर्तीच्या डोक्यामागे फिरणारी रंगीत लाइट लावली म्हणजे तो बोधीचा प्रकाश झाला, असे आपल्या मुलांना वाटू नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा विषय कसा मांडला? त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बोधिप्राप्तीच्या भागातील पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात लाइट हा शब्द आहे. मराठीत त्याचा अर्थ 'नव्या प्रकाशासाठी ध्यान' असा होईल. हा प्रकाश काय दाखवतो? आकाशातली देवता नाही, चमत्कार नाही. त्या प्रकाशात गौतमाला दोन प्रश्न दिसतात. जगात दुःख आहे हा पहिला, आणि ते दूर करून माणसाला सुखी कसे करायचे हा दुसरा. पहिल्या धम्मप्रवचनातही आलोक हा शब्द एकटा येत नाही. तो चक्षू, ज्ञान, प्रज्ञा आणि विद्या यांच्या पंगतीला येतो.

बाबासाहेबांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाबाहेरही शोधले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचा विषय त्यांच्याकडेच होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न सरळ दारिद्र्याशी जोडला. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योगधंदे हवेत आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, हा त्यांचा मुद्दा होता. आपण बटण दाबतो तेव्हा लागणाऱ्या लाइटमागे हाही विचार आहे. उजेडही हवा आणि भारही हलका व्हायला हवा.

शेवटी ही दोन्ही घराणी एका ठिकाणी भेटतात, ते सांगतो. पाच नीवरणांपैकी एक आहे 'थीनमिद्ध', म्हणजे चित्ताचा जडपणा, सुस्ती, गुंगी. सुत्तांत त्यावर उपाय सांगितला आहे 'आलोकसञ्ञा', म्हणजे मनात प्रकाशाची जाणीव धरणे. आणि अभिधम्माच्या परंपरेत या जडपणाच्या विरोधी धर्मांत लहुता सांगितली आहे. एक उपाय उजेड, दुसरा हलकेपणा. इंग्रजीत या दोन शब्दांची गाठ केवळ उच्चाराच्या योगायोगाने पडली. धम्मात मात्र ते एकाच कामासाठी शेजारी उभे आहेत, झोपलेल्याला जागे करण्यासाठी.

समाजाचेही थीनमिद्ध असते. जयंतीला रोषणाई करून वर्षभर झोपी जाणे, हे त्याचे लक्षण. रोषणाई जरूर करावी, आनंदाचा दिवस आहे. पण ज्या वस्तीत रोषणाई आहे त्या वस्तीत रात्री एका तरी घरी मूल लाइटखाली पुस्तक उघडून बसले आहे ना, हे पाहावे. त्या मुलाच्या घरचे लाइट बिल थकले असेल तर मंडळाच्या वर्गणीतून आधी ते भरावे. आणि कोणी आपल्या कामाला हलके म्हणालेच, तर न चिडता त्याला या शब्दाचे कूळ सांगावे.

जयभीम, नमो बुद्धाय.