भरणा झाला, मग दंड कशाचा?

ऋणकोने कर्ज वेळेवर फेडावे हा जसा व्यवहारधर्म आहे, तसाच फेडीचा पैसा निघताच तो ऋणकोच्या नावे जमा धरावा, हाही व्यवहारधर्मच आहे. पहिल्या धर्माचे पालन करवून घेण्यासाठी क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांपाशी विलंबशुल्क, व्याज आणि पतनोंदीवरील काळा शेरा अशी तीन शस्त्रे सज्ज आहेत. दुसऱ्या धर्माचे पालन बँकांकडून कोणी करवून घ्यावयाचे, याचे उत्तर मात्र अद्याप कोणी दिलेले नाही. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभीच दहा कोटींच्या पलीकडे गेली. पगारदार माणसाच्या घरात किराण्यापासून मुलांच्या फीपर्यंतचा खर्च आज या कार्डावर होतो. तेव्हा हा प्रश्न चार उधळ्या माणसांपुरता उरलेला नाही.

गाऱ्हाण्याचे स्वरूप साधे आहे. समजा, एखाद्या गृहस्थाच्या बिलाची अखेरची तारीख १० आहे. ९ तारखेच्या रात्री त्याने मोबाइलवरील एका ॲपमधून सारी रक्कम भरली. बचतखात्यातून पैसे तत्क्षणी वजा झाले. मध्यस्थाने ते पुढे धाडण्यास वेळ लावला, मध्ये सुट्टी आली, आणि कार्डाच्या खात्यावर रक्कम जमा पडली ती १४ तारखेस. पुढल्या बिलात विलंबशुल्क उभे राहते. मोठ्या बिलांवर ते हजार-बाराशे रुपयांच्या घरात जाते. शिवाय व्याज आहेच, आणि त्या दोहोंवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. अनेक कार्डांवर व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक असतो. एकदा का पूर्ण रक्कम मुदतीत आली नाही असे ठरले, की बिनव्याजी मुदतीची सवलतही जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. गृहस्थाने तक्रार केली तर बँक मध्यस्थाकडे बोट दाखविते आणि मध्यस्थ बँकेकडे. पैसे ज्याचे गेले, तोच दोघांच्या दारात खेटे घालतो.

यंत्रणेची असमर्थता ही सबब आता चालण्यासारखी नाही. यूपीआय २०१६ साली आले. नेफ्ट १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाले. निरनिराळ्या ॲपमधून होणारा कार्डाच्या बिलाचा भरणा भारत बिल पेमेंट प्रणालीतूनच व्हावा, असा आग्रह रिझर्व्ह बँकेने धरला व त्यासाठी २०२४ च्या जूनअखेरची मुदत दिली. मुदत उलटली तेव्हा कित्येक मोठ्या बँका या प्रणालीत दाखलही झालेल्या नव्हत्या! ग्राहकाने चार दिवस उशीर केला तर दंड. बँकांनी मुदत चुकविली तर मात्र समजुतीचे शब्द. हा न्याय तराजूच्या एकाच पारड्याचा आहे.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिने कार्डांसंबंधी जे विस्तृत निर्देश काढले, त्यांत बाकी तीन दिवसांहून अधिक काळ थकल्याखेरीज विलंबशुल्क लावू नये व थकबाकीची वार्ता पतमाहिती कंपन्यांना कळवू नये, असे बजावले. दंड थकलेल्या रकमेवरच घ्यावा, संपूर्ण बिलावर नव्हे, न भरलेल्या शुल्काची भर मुद्दलात घालून त्यावर व्याज चढवू नये, बिलाबद्दल वाद उपस्थित झाल्यास तीस दिवसांच्या आत पुराव्यानिशी खुलासा करावा, हेही सांगितले. हे नियम चांगले आहेत. परंतु तीन दिवसांची सवलत विलंबशुल्कापुरती व पतनोंदीपुरती आहे. व्याजाचे चाक तिने थांबत नाही. आणि सवलत संपली की दिवस मोजावयाचे ते मूळ तारखेपासूनच.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे. दंडाचा हेतू ऋणकोला शिस्त लावण्याचा असावा, उत्पन्न वाढविण्याचा नव्हे, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या आदेशात स्वच्छ शब्दांत मांडले. आणि त्याच आदेशातून क्रेडिट कार्डे मात्र वगळली! जे गृहकर्जाला अन्याय्य, ते कार्डाला न्याय्य कसे, हे आम्हांला उमगलेले नाही.

न्यायालयाकडे पाहावे, तर तेथील वाटही अरुंद झाली आहे. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये ठरविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. करार उभयपक्षी झालेला आहे, ग्राहकाला अटी कळविलेल्या आहेत आणि दरांवर देखरेख करणे हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, असा त्या निकालाचा रोख. निकाल आम्ही शिरोधार्य मानतो. पण त्यामुळेच रिझर्व्ह बँकेवरील जबाबदारी दुणावली आहे, हे तिने विसरू नये.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे परंपरेने मान्य होता. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा त्यांचा राग कर्जावर नव्हता; न समजणाऱ्या हिशेबावर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा हक्क दिला. पावतीचे महत्त्व परकीय सरकारला कळले. पावती मोबाइलवर क्षणात येणाऱ्या युगात ती बँकेला बंधनकारक नसावी, ही नवलाची गोष्ट होय. अमेरिकेच्या २००९ च्या कार्ड कायद्याने तर अखेरच्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत पोचलेला भरणा वेळेवरचा मानण्याचे बंधन घातलेले आहे.

बँकांची बाजू आम्ही नाकारीत नाही. कार्डाचे कर्ज विनातारण असते, बुडव्यांचा भार प्रामाणिकांवर पडतो, आणि ऐपतीबाहेर खर्च करून मग व्याजाच्या नावाने बोटे मोडणारेही थोडे नाहीत. त्यांची वकिली आम्हांला करावयाची नाही. पण ज्याने पैसे मुदतीत भरले, त्याला बुडव्यांच्या रांगेत उभे करणे हा जोखमीवरचा उपाय नव्हे.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. मान्य मार्गाने ज्या क्षणी ग्राहकाच्या खात्यातून पैसे निघाले, तोच भरण्याचा क्षण मानावा. मधल्या विलंबाची जोखीम बँकेने सोसावी आणि तिने ती मध्यस्थाकडून वसूल करून घ्यावी. चुकीने लावलेले शुल्क परत करताना त्यासोबतचे व्याज, कर आणि पतनोंदीवरील शेराही पुसावा. कार्ड बंद करण्यास विलंब करणाऱ्या बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड २०२२ च्या निर्देशांतच आहे. जमा उशिरा धरणाऱ्या बँकेलाही तोच न्याय लावावा.

तोवर ग्राहकाने व्यवहार क्रमांक जपून ठेवावा, तक्रार लेखी करावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. पाचशे-हजारासाठी कोण भांडत बसतो, या आपल्या उदासीनतेवरच या शुल्काची कमाई पोसली जाते. आपल्या हक्काचा एक रुपयाही न सोडणारा ग्राहक भेटला, म्हणजेच बँकांना आपल्या घड्याळाकडे पाहण्याची सवय लागेल.