मुक्या जिवाचें रक्त काय सांगतें?

घरांतील लहान मुलास पडसें-खोकला झाला म्हणजे तें किरकिर करतें, जेवण टाकतें, आणि आई त्याच्या कपाळास हात लावून ताप तत्काळ ओळखते. वासराचें तसें नाहीं. गाय ही मूळची कळपानें राहणारी व हिंस्र पशूंचें भक्ष्य असलेली जात. कळपांत जो जीव अशक्त दिसेल तोच प्रथम श्वापदाच्या तोंडीं जावयाचा. म्हणून दुखणें लपविणें हा त्या जातीचा स्वभावच होऊन बसला आहे. माणूस गोठ्यांत शिरतांच निजलेलें वासरूं उठून उभें राहतें, कान टवकारतें, आणि पाहणारास वाटतें कीं, सर्व कुशल आहे. फुप्फुसांत मात्र त्याच वेळीं आग लागलेली असते.

वासरांचा श्वसनरोग हा एकाच जंतूचा खेळ नव्हे. दूध तुटणें, लांबचा प्रवास, परक्या कळपांत मिसळणें, कोंदट गोठा, यांपैकीं कांहीं घडलें कीं वासराची प्रतिकारशक्ति खचते. मग विषाणू श्वासनलिकेचें अस्तर दुबळें करतात. आणि मॅनहायमिया, पाश्चुरेल्ला वगैरे जे जंतू निरोगी वासराच्या नाकाघशांतहि निमूटपणें राहत असतात, ते खालीं फुप्फुसांत उतरतात. उत्तर अमेरिकेंत दूध तुटलेलीं वासरें शेंकडों मैल वाहून नेऊन मोठमोठ्या वाड्यांत एकत्र ठेवण्याची रीत आहे. तेथें या रोगाला ‘शिपिंग फीव्हर’ असें नांवच पडलें आहे. नुसत्या नजरेनें हा रोग कितपत ओळखतां येतो, याचा हिशेब तेथील संशोधकांनीं २००९ सालीं मांडला. शंभर खरोखर आजारी वासरांपैकीं सुमारें ६२ च नजरेस येतात. आणि शंभर निरोगी वासरांपैकीं सुमारें ३७ उगाच आजारी ठरतात, असा तो हिशेब आहे.

या दोन्ही चुका महागाच्या आहेत. आजारी वासरूं हुकलें तर तें दगावतें, किंवा जगलें तरी फुप्फुसांतील व्रण जन्मभर बाळगतें. निरोगी वासरास औषध दिलें तर प्रतिजैविकांचा व्यर्थ व्यय होतो, आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू बळावतात. अशा जंतूंना गोठा व माजघर यांतील उंबरठा ठाऊक नसतो. ही भीति ओळखूनच युरोपीय संघानें केलेल्या कायद्यान्वयें, २८ जानेवारी २०२२ पासून, रोग नसतां सरसकट प्रतिजैविकें देण्यास तेथें कडक मर्यादा घातली गेली आहे. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, खरें आजारी कोण, हें ओळखावें कसें?

जें वासरूं बोलत नाहीं, त्याचें रक्त बोलतें. शरीरांत कोठेंहि दाह सुरू झाला कीं तेथील पेशी रक्तावाटे यकृतास निरोप धाडतात, आणि यकृत आपला नित्याचा व्यवहार बाजूस सारून कांहीं विशेष प्रथिनें तयार करूं लागतें. यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध असें ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ १९३० सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना आढळलें, आणि तें फुप्फुसदाहाच्याच रोग्यांच्या रक्तांत! आज माणसाच्या तापांत डॉक्टर ज्या ‘सी.आर.पी.’ तपासणीची चिठ्ठी देतात ती हीच. पण गाईच्या बाबतींत ती फारशी कामास येत नाहीं. तिच्या शरीरांत दाहाबरोबर हें प्रथिन तसें वाढत नाहीं. आमच्या वाचकांस परिचित असलेली दुसरी तपासणी म्हणजे रक्तांतील तांबड्या पेशी नळींत किती वेगानें खालीं बसतात हें पाहण्याची. माणसाच्या पेशी नाण्यांच्या चवडीप्रमाणें एकमेकींवर रचून लवकर खालीं बसतात. गाईच्या पेशी तशा रचल्याच जात नाहींत, म्हणून हीहि तपासणी गोठ्यांत निरुपयोगी ठरते. एका प्राण्याचें माप दुसऱ्यास लावूं नये, हा धडा येथें मिळतो.

गाईचें यकृत दाहाची वर्दी निराळ्या प्रथिनांनीं देतें. त्यांतील मुख्य ‘हॅप्टोग्लोबिन’. १९३८ सालीं फ्रान्समध्यें पोलोनोव्स्की व झेल यांनीं तें प्रथम वर्णिलें. निरोगी गुरांच्या रक्तांत तें जवळजवळ नसतेंच. दाह झाला कीं एकदोन दिवसांत तें शंभरपटीहूनहि वाढूं शकतें. फुटलेल्या पेशींतील रक्तद्रव्यास तें घट्ट धरून ठेवतें, त्यामुळें जंतूंना हवें असलेलें लोह त्यांच्या हातीं सहजासहजीं लागत नाहीं. दुसरें ‘सीरम अमायलॉइड ए’. तें याहूनहि चपळ असून कांहीं तासांतच वर चढतें. तिसरें ‘फायब्रिनोजेन’, त्याची तपासणी अगदीं स्वस्त. रक्तरस बारीक काचनळींत घालून ५६ अंश सेल्सियस उष्णतेवर तीन मिनिटें धरला कीं तें गोठून वेगळें होतें, आणि मोजतां येतें.

परंतु रक्ताच्या साक्षीसहि मर्यादा आहेत. दाह आहे एवढेंच हीं प्रथिनें सांगतात. तो फुप्फुसांत आहे कीं नाळेंत, हें तीं सांगत नाहींत. शिंगें काढणें, खच्चीकरण, दूरचा प्रवास, यांनींहि तीं वाढतात. म्हणून एका आंकड्यावर निकाल देणें योग्य नव्हे. ताप, खोकला, नाकाडोळ्यांतील स्राव व श्वासाचा आवाज यांच्या जोडीला तो आंकडा ठेवावा, आणि निवाडा पशुवैद्यानें करावा. औषध सुरू केल्यावर कांहीं दिवसांनीं तोच आंकडा उतरला तर गुण येत आहे असें समजावें. न उतरला तर फेरविचार करावा. आमच्या मतें या तपासणीचा खरा उपयोग येथेंच आहे.

ज्यांच्या घरीं वा गांवच्या वाड्यांत अजून गुरें आहेत, त्यांस प्रयोगशाळा जवळ नसली तरी दोन गोष्टी करतां येण्याजोग्या आहेत. पहिली, एक साधा तापमापक गोठ्यांत ठेवावा. वासराचा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर उद्यांवर न टाकतां वैद्यास बोलवावें. दुसरी गोष्ट गृहिणींच्या हातची. गाईच्या गर्भांतील वासरास आईच्या रक्तांतून संरक्षक द्रव्यें मिळत नाहींत. तीं केवळ चिकांतून मिळतात, आणि तींहि जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या आंतड्यांतून शोषलीं जातात. वेळ जाईल तसें हें शोषण झपाट्यानें कमी होतें. म्हणून पहिल्या कांहीं तासांतच, वासराच्या वजनाच्या सुमारें दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासरास तीन लिटरपर्यंत, चीक त्याच्या पोटांत गेला पाहिजे. गाय व्याली कीं खरवसाचीं पातेलीं शेजारींपाजारीं धाडण्याची आपली चाल गोड खरी. पण पहिल्या धारेवर पहिला हक्क त्या मुक्या जिवाचा आहे. त्याचें पोट भरल्यावर उरेल त्याचाच खरवस करावा.