कृत्तिकेचं नाव छापा

या आठवड्यात ‘संशयकल्लोळ’च्या एका प्रयोगाची जाहिरात हाती आली आणि माझं डोकं तापलं. रेवती आणि तिचा प्रियकर अश्विनशेठ यांची नावं ठळक, सोबत फोटो. ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, तेही दिलंय. ते द्यायलाच हवं. आणि संशयी नवरा फाल्गुनराव, त्याची तितकीच संशयी बायको कृत्तिका? ते ‘व इतर कलाकार’!

गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं होतं. पदं घालून ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं, त्याच वर्षी देवल गेले. मूळ कथा फ्रेंच नाटककार मोलियेरची, १६६० सालची. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून ती देवलांनी घेतली. मोलियेर स्वतः आपल्या मूळ नाटकात काम करायचा. कुठलं? देखण्या प्रियकराचं नाही, संशयी नवऱ्याचं. एवढा मोठा विनोदी नट जी भूमिका स्वतःकडे ठेवतो, ती आपल्याकडे ‘इतर’ झाली. गंधर्व मंडळीत रेवती खुद्द बालगंधर्वांची, तेव्हा लोक गाणं ऐकायलाच जाणार, हे मला समजतं. पण सगळं नाटक गाण्यावर चालत नाही हो.

माझे जुने वाचक जाणतातच, मी आधी रेवती केली आणि मग कृत्तिका. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, नेमकं तेच कृत्तिका खिडकीतून बघते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तिथेच पडते. ती कृत्तिका उचलते, की तिच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावही पेटतो. सगळा घोटाळा त्या एका तसबिरीवर उभा. ती पडलीच नाही तर?

एका गावी ती पडलीच नाही. माझ्या शेल्याच्या जरीत अशी अडकली, की मी घेरी संपवून तसबिरीसकट विंगेत! कृत्तिका करणाऱ्या बाई आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. त्या आल्या, रिकामी जमीन बघितली आणि विंगेकडे बोट रोखून कडाडल्या, “थांब गं! पदराआड काय नेतेस माझ्या घरचं? टाक आधी ते!” मी आतून तसबीर भिरकावली, ती घरंगळत त्यांच्या पायाशी. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तसबीर उचलली, पदराने पुसली आणि पुढचं वाक्य देवलांचं, जसंच्या तसं. संशयाने पोळलेली बायको त्या क्षणी जे बोलेल तेच त्या बोलल्या होत्या. त्या रात्रीच मी ठरवलं, आपल्याला ही भूमिका करायची.

कृत्तिका हसवायला येत नाही. नवरा हातचा गेला, याची तिला खात्री असते. ती रडकुंडीला आलेली असते, म्हणून लोक हसतात. नटीने जरा डोळे मिचकावले, ‘बघा कशी गंमत’ असा सूर लावला, की हशा मेलाच. शिवाय तिचा प्रवेश रेवतीच्या पदानंतर आला की पंचाईत असते. वन्समोअर झालेला, पुढच्या रांगेतले काका डोळे मिटून अजून त्या रागातच बसलेले. त्यांना एका वाक्यात तिथून उठवून फाल्गुनरावांच्या घरात आणायचं. दम चुकला, पॉज अर्धा क्षण लांबला, की हसू गेलं. पद जरा उतरलं तरी पुढच्या तानेने सावरता येतं. हुकलेला हशा परत मिळत नाही. कृत्तिकेला वन्समोअर मागायची रीतही नाही.

नव्या मुली माझ्याकडे येतात त्या ‘रेवती बसवून द्या’ म्हणत. गळा असेल तर जरूर करा. पण ज्या मुलीला माणसांना हसवता येतं, तिला ‘तू गात नाहीस ना, मग कृत्तिका कर’ असं सांगतात, याचा मला संताप येतो. ती उरलीसुरली भूमिका नाही.

आयोजकांनो, चौघांचीही नावं एकाच मापाच्या अक्षरांत छापा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी प्रयोगाला जाल तेव्हा रेवतीला घेरी आली की तिच्याकडे बघू नका, खिडकीकडे बघा.