वितळतार

मराठीच्या तासाला मी मुलांना पारिभाषिक शब्दांची गोडी लावण्याचा खटाटोप करतो. 'फ्यूज'ला 'वितळतार' हा केवढा अर्थवाही शब्द, असे दरवर्षी फळ्यावर लिहून सांगतो. पण आमच्याच गाडीतली वितळतार कशी दिसते, हे मला गेल्या श्रावणापर्यंत ठाऊक नव्हते!

आमची गाडी म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. हिचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे उलटून गेली; पण घरात तिला म्हातारी म्हणण्याची कुणाची छाती नाही. भाचीच्या मंगळागौरीसाठी आम्ही पुण्याहून वाईला निघालो होतो. शेजारी सौभाग्यवती, मागे बारावीतली कन्या. शिरवळ मागे पडले आणि पावसाने गाठले. खंबाटकीचा घाट समोर, आणि वायपर एकाएकी थांबला!

"अहो, आधी गाडी कडेला घ्या!"

किल्ली बंद करून फ्यूजची डबी उघडली. आत चिनी मातीच्या लहानशा कांड्या, अंगावर धातूची बारीक पट्टी. पांढरी ८ अँपिअरची, तांबडी १६ ची. एका पांढरीची पट्टी मध्येच वितळली होती. वडिलांनी एक जादा पांढरी कांडी जपून ठेवली होती, ती बसवली. वायपरने दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा मान टाकली.

शहाण्या माणसाने इथे थांबायचे. मी कन्येच्या चॉकलेटची चांदी मागून घेतली आणि गेलेल्या कांडीभोवती गुंडाळली. वायपर डौलात चालू!

"बघ, असं अडून बसायचं नसतं. मार्ग काढायचा असतो," मी मागे वळून म्हणालो. बोलण्याला संदर्भ होता. "बाबा, शिकवणी मला झेपत नाही," असे ती दोन महिने सांगत होती, आणि परीक्षेनंतर स्कूटर देण्याचे आमिष दाखवून मी तिला गप्प करीत होतो. ती काही न बोलता खिडकीबाहेर पाहत राहिली.

घाट अर्धा चढलो तोच जळका वास आला. मग धूर! सौभाग्यवतींनी कन्येला हाताला धरून बाहेर ओढले. मी किल्ली बंद केली आणि कसाबसा पाना चालवून बॅटरीची तार सोडवली. धूर विरला; माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

गाडी ओढून वाईला न्यावी लागली. तिथल्या मेकॅनिकने वीतभर काळीठिक्कर वायर माझ्यापुढे धरली. पत्र्याला घासून घासून तिच्यावरचे आवरण गेले होते. उघडी तार पत्र्याला टेकली की प्रवाहाचा सगळा लोंढा तिथूनच धावत होता.

"सर, फ्यूज बिघडला नव्हता," तो म्हणाला. "त्यानं त्याचं काम केलं. आठाचा गेला तर आठाचाच घालायचा. परत गेला, तर कुठं घासतंय ते बघायचं. तुम्ही चांदी लावली, मग फ्यूजच्या जागी वायर जळाली. आणखी थोडा वेळ गेला असता, तर गाडीच पेटली असती."

त्याने वायर बदलली, फ्यूजची गंजलेली टोके घासून लख्ख केली आणि नवी पांढरी कांडी बसवली. आयुष्यात इतके मोलाचे व्याख्यान मी इतक्या स्वस्तात ऐकलेले नाही.

रात्री मंगळागौरीचे खेळ रंगात आले होते. कन्या एकटीच पडवीत बसलेली. जवळ जाऊन बसलो. स्कूटरची गोष्ट ओठांवर आली होती, ती गिळली.

"कुठं घासतंय गं, बाळ?"

ती पुष्कळ वेळ बोलत होती. मधे रडली, पुन्हा बोलली. मी एकदाही उपदेश केला नाही. वाचकहो, प्राध्यापकाच्या बाबतीत ही दुरुस्ती लहान नव्हे!

शिकवणी सुटली. गाडीत आता पांढऱ्या कांड्या भरपूर आहेत. आणि चांदी? ती यंदा फक्त दिवाळीच्या बर्फीवर!