गिऱ्हाईक नाही, की दुकानच नाही?

गेम कंपन्या काही देशांचे लाड का करतात आणि काहींना दाराबाहेर का ताटकळत ठेवतात, हा विषय ऑफिसात जेवणाच्या टेबलावर निघाला की उत्तर ठरलेलं असतं. "अरे, तिकडचे लोक पैसेच देत नाहीत. सगळं पायरेटेड!" विषय संपला, ताक प्या. कंपन्या असं म्हणतात ते एक वेळ समजू शकतो, पण आपल्यातलेच निम्मे लोक त्यांचं वकीलपत्र घेऊन बसलेले असतात. माझं म्हणणं सरळ आहे. हे कारण नाही, ही सबब आहे. बाजार आयता सापडत नाही, तो उभा करावा लागतो. ज्यांनी ती तसदीच घेतली नाही, त्यांनी गिऱ्हाईकाच्या नावाने बोटं मोडू नयेत.

मुळात ही पंगत फार जुनी आहे. पहिल्या पंगतीला जपान, मग अमेरिका, आणि उरलंसुरलं युरोपला. आता युरोप काही गरीब वस्ती नव्हे! तरीही 'क्रोनो ट्रिगर' जपान-अमेरिकेत १९९५ साली आला आणि युरोपात अधिकृतपणे पोचला तो २००९ साली, निन्टेन्डो डीएसवर. चौदा वर्षं! जे गेम वेळेत पोचायचे, त्यांतले बरेचसे तिथल्या ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी नीट जुळवून न घेताच विकले जायचे. म्हणजे ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम जवळपास १७ टक्के हळू चालणार, वर-खाली काळे पट्टे दिसणार, आणि पैसे मात्र पूर्ण घेणार. फ्रेंच आणि जर्मन पोरं पैसे देत नव्हती का? देत होती की. पण तिथे भाषा पाच, टीव्हीची पद्धत वेगळी, देशागणिक वितरक वेगळा. थोडक्यात, खटाटोप जास्त. म्हणजे बघा, प्रश्न फक्त पैशाचा कधीच नव्हता.

बरं, पायरसीचं काय? तर पोलंड बघा. नव्वदच्या दशकात तिथे चोरीच्या सीड्या उघड्यावर विकल्या जायच्या. अशा ठिकाणी १९९४ साली दोन मित्रांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली, ती सुद्धा गेम बनवायला नाही तर बाहेरचे गेम आणून विकायला. वेडेच म्हणायचे! १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' आणला तो अख्खा पोलिश भाषेत, नावाजलेल्या नटांचे आवाज देऊन. खोक्यात सोबत नकाशा आणि संगीताची सीडी. किंमत अजिबात स्वस्त नव्हती. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या, आणि घेणारे तेच, "पैसे न देणारे" लोक. पुढे याच कंपनीने स्वतःचा 'द विचर' काढला आणि त्याचा तिसरा भाग (२०१५) जगभर ५ कोटींहून जास्त विकला गेला. ज्या देशात "मार्केटच नाही" होतं, तिथून!

कुणी म्हणेल, करांचं काय? ब्राझीलमध्ये आयातकर जबर आहेत, खरं आहे. जानेवारी २०१५ मध्ये निन्टेन्डोने याच कारणावरून तिथलं वितरण थांबवलं. पण त्याच ब्राझीलमध्ये टेकटॉय ही स्थानिक कंपनी १९८९ पासून सेगाचं मास्टर सिस्टिम विकत होती, तिथेच जुळणी करून. एका गेममधला नायक काढून तिथल्या कॉमिक्समधली लाडकी मोनिका आत बसवण्यापर्यंत त्यांची तयारी होती. देश तोच, कटकटीही त्याच. एकाने हात टेकले, दुसऱ्याने मार्ग काढला.

आणि कहर म्हणजे मे २०२४. 'हेलडायव्हर्स २' लोकांनी रीतसर पैसे मोजून स्टीमवर घेतला होता. सोनीने फर्मान काढलं की आता प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडा. पण ते खातं कित्येक देशांत उघडताच येत नाही! मग गेमची विक्री १७० पेक्षा जास्त देश-प्रदेशांत बंद झाली. खेळाडूंनी बोंब ठोकल्यावर खात्याची सक्ती मागे घेतली, पण बंद झालेली विक्री काही लगेच पूर्ववत झाली नाही. हातात पैसे घेऊन आलेल्या माणसाला दुकानदारच हाकलतोय, आणि वर "इथे गिऱ्हाईक नाही" म्हणतोय.

आपलंच घ्या. स्टीमवर रुपयांत किंमती आल्या नोव्हेंबर २०१५ मध्ये. प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानला नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाला, भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये. निन्टेन्डोचा स्विच २०१७ साली बाजारात आला तेव्हा भारतात अधिकृतपणे आलाच नाही. मग लोकांनी काय केलं? ग्रे मार्केटमधून घेतला, परदेशातून येणाऱ्या भावाला आणायला सांगितला. ही विक्री "भारत" या रकान्यात कधीच दिसणार नाही. ज्या मोड्यूलमध्ये लॉगिंगच केलेलं नाही, तिथे एररची संख्या शून्यच दिसते ना? त्यावरून "कोड उत्तम चाललाय" असं रिव्ह्यूमध्ये कुणी म्हणालं तर आपण त्याला हसू. इथे तेच तर्कशास्त्र "मार्केट अ‍ॅनालिसिस" म्हणून खपतं.

भाषेचं तर विचारूच नका. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर, पण दिसते क च्या आधी. जोडाक्षरांची तऱ्हा आणखी वेगळी. एका अक्षराला एक चित्र, या हिशेबाने लिहिलेल्या गेममध्ये आपल्या लिपीचा पार चिवडा होतो. पण हे काही न सुटलेलं कोडं नाही. हार्फबझसारखी लायब्ररी हे काम फुकटात करते आणि तुमच्या फोनवर मराठी नीट दिसतं ते अशाच सॉफ्टवेअरमुळे. हे काम कुणाच्या यादीत वर येत नाही, एवढंच.

मान्य, कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. सर्व्हर, कर, परवाने, ग्राहकसेवा, सगळ्याला खर्च येतो, आणि प्रत्येक छोट्या स्टुडिओने पन्नास भाषा कराव्यात असं मी म्हणतच नाही. पण अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्यांनी निदान खरं बोलावं. "आम्हाला खटाटोप नको होता" असं म्हणा, ऐकून घेऊ. लोकांना चोर ठरवू नका.

आणि मंडळी, पुढच्या वेळी जेवणाच्या टेबलावर कुणी "आपले लोक पैसेच देत नाहीत" म्हणालं, तर त्याला एकच विचारा: द्यायचे म्हटले तर कुठे द्यायचे होते?